अंदमानसाठी बोंबील

"त्या दोघींचं टेन्शन नाही. त्या आपल्यातल्याच."

मी दाराबाहेर वाकून सँडलचा पट्टा सोडवत होते, तेव्हा आतून हे वाक्य आलं. दार अर्धवट उघडं होतं. आवाज पहिल्या मजल्यावरच्या काकूंचा, घरही त्यांचंच. मानपाड्याच्या आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांची अंदमानची ट्रिप ठरत होती आणि त्या संध्याकाळी पहिली मीटिंग होती. 'त्या दोघी' म्हणजे मी आणि आई. यादीत आई-मुलगी अशी जोडी एकच होती. आई माझ्या मागोमाग जिना उतरून येत होती. तिने ऐकलं की नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. तिच्या चेहऱ्यावरून फारसं काही कळतच नाही, आणि तो गुण मी तिच्याकडूनच घेतलाय. तिने चपला काढल्या आणि बाकीच्यांच्या चपलांपासून जरा लांब, भिंतीला लावून ठेवल्या. मग आम्ही आत गेलो आणि दोघीही हसलो.

आत अकरा बायका होत्या. काकूंच्या मांडीवर एक लांबट वही, पट्टीने रेघा मारलेली. नाव, राहण्याची सोय, जेवणाची सोय, असे रकाने. आमच्या नावांपुढे जेवणाच्या रकान्यात आधीच 'व्हेज' लिहून झालं होतं.

सोय हा शब्द मी शाळेत विरुद्धार्थी शब्दांच्या यादीत शिकले. इंग्रजी माध्यमात मराठीचे तास थोडे, त्यामुळे असे शब्द जोडीनेच पाठ व्हायचे. सोय, गैरसोय. अजूनही कुणी पहिला शब्द उच्चारला की मला दुसरा मागून येताना दिसतो.

काकू अशा ट्रिप नेहमी काढतात आणि छान काढतात, हे खरं आहे. औषधांची पेटी, सगळ्यांच्या आधारकार्डांच्या झेरॉक्स, बसमध्ये कुणी कुठे बसायचं, सगळं त्यांना पाठ. त्यांच्या ट्रिपची एक रीत आहे. स्वयंपाक करायला महाराज बरोबर न्यायचे. त्यामुळे राहायची जागा निवडताना पहिला प्रश्न असतो, महाराजांना किचन मिळेल का.

"पोर्ट ब्लेअरला हॉटेल बघितलंय मी," काकू म्हणाल्या. "बाजाराच्या मागच्या गल्लीत. शुद्ध शाकाहारी आहे आणि आपल्या महाराजांना किचन द्यायला तयार आहेत. सकाळी पोहे, उपमा. दुपारी पोळीभाजी डब्यात. रात्री वरणभात, साजूक तूप इथून नेऊ."

"खोलीतून समुद्र दिसतो का हो?" कुणीतरी विचारलं.

"समुद्र दिवसभर बघायचाच आहे की! समुद्राजवळची सगळी हॉटेलं मासेवाली. तुला वास सहन होणारे का?"

"अगो, बेटावर जाऊन माशाचा वास नको," तिसऱ्या मजल्यावरच्या मालवणी काकू म्हणाल्या, "तर मग माथेरानलाच जाऊ या ना सगळ्या. घोड्याचा वास तेवढा सोसा."

हशा झाला. मालवणी काकू बिल्डिंगमध्ये सगळ्यांत मोठ्याने हसतात. गावाहून आल्या की त्यांच्या घरातून दोन दिवस कालवणाचा वास येतो आणि सगळी बिल्डिंग नाकाला पदर लावून त्यांची थट्टा करते.

"तुमची वेगळी सोय करू हो," काकू म्हणाल्या. "एक संध्याकाळ मोकळी ठेवलीय. तुमच्यासारख्या कोण असतील त्यांनी जाऊन खाऊन या बाहेर. आल्यावर मात्र आंघोळ करूनच खोलीत शिरायचं."

"दोनदा करीन. समुद्रातच करून येईन."

मग काकू आमच्याकडे वळल्या. त्यांचा चेहरा मऊ झाला. "तुम्ही दोघी माझ्या शेजारच्या खोलीत. तुमचं काही नसतंच हो. अगदी वाटत नाही."

काय वाटत नाही, ते त्या बोलल्या नाहीत. आई म्हणाली, "चालेल."

आम्ही बौद्ध आहोत आणि आम्ही मासे खातो. लिहिताना हे वाक्य एका ओळीत मावलं. बोलताना आम्हाला वीस वर्षं जमलं नव्हतं.

आम्ही आधी मोहन्याला राहायचो, रेयॉनच्या जुन्या कारखान्याजवळच्या चाळीत. तिथे कुणी कुणाला काही विचारायचं नाही, कारण सगळ्यांना सगळं माहीत होतं. माझ्या शाळेसाठी आईबाबा डोंबिवलीत भाड्याने राहायला आले. घरमालकीणबाईंनी किल्ली हातात देण्याआधी विचारलं, "व्हेज ना?" आई म्हणाली, "हो." तेव्हा तिच्या एका हातात मी होते आणि दुसऱ्या हातात स्टोव्ह. ती म्हणते, विचार करायला वेळच नव्हता, किल्ली समोर होती.

ते एक 'हो' मग आमच्याबरोबर राहायला लागलं. पुढे मानपाड्याला स्वतःचं घर झालं, तेव्हा कपाट आणि शिलाई मशीनबरोबर तेही आलं. इथे आम्हाला कुणी विचारलंही नाही. डोंबिवलीतल्या जुन्या ओळखीची एक बाई याच बिल्डिंगमध्ये होती, तिने आम्ही यायच्या आधीच सांगून ठेवलं होतं, चांगले लोक आहेत, व्हेज आहेत. आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून काही कळत नाही. हॉलमध्ये टीव्हीखाली बुद्धाची मूर्ती आहे, पण ती हल्ली सगळ्यांकडेच असते. काकूंनी ती पाहून कुठून घेतली असं विचारलं होतं, त्यांना तशीच पडद्याला मॅचिंग हवी होती. फोटो मात्र आतल्या खोलीत लावलाय, बाहेर नाही.

आई ब्लाउज शिवते. बिल्डिंगमधल्या जवळजवळ सगळ्या बायकांची मापं तिच्या वहीत आहेत. घरी मासे न करण्याचं कारण विचारलं तर ती सांगते, "कापडाला वास लागतो गं. सिल्कला तर लगेच." हे कारण इतकं चांगलं होतं की मी खूप वर्षं त्यावर विश्वास ठेवला. क्वचित कधी केलेच, तर मांदेली. सगळ्या खिडक्या लावायच्या, वर उदबत्ती. भर उन्हाळ्यात, पंखा बंद. कारण पंख्याने वास दाराबाहेर जातो. आम्ही तिघं घामाने निथळत, पटापट, न बोलता जेवायचो. मला लहानपणी वाटायचं, मासे असेच खायचे असतात.

आणि मालवणी काकू दारं सताड उघडी टाकून सुरमई तळायच्या. त्यांनी खाल्लं तर ती त्यांची आवड होती. आम्ही खाल्लं असतं तर तो पुरावा झाला असता. मी हे कधी कुणाशी बोलले नाही. मी तशीही कमी बोलते. शाळेत, कॉलेजात, आता ठाण्याच्या ऑफिसात, मी इंग्रजीत बोलते आणि लोक मला शांत आणि स्मार्ट समजतात. इंग्रजीत बोललं की लोक गाव विचारत नाहीत. तो माझा लपायचा कोपरा होता, हे मला बरंच उशिरा कळलं.

मीटिंगनंतर दोन दिवसांनी मी ऑफिसातून आले, तर आई मशीनवर बसून मोबाइल बघत होती. आवाज बंद करून. स्क्रीनवर कुठल्याशा बेटावर एक बाई केळीच्या पानावर अख्खा मासा ठेवत होती, डोक्यापासून शेपटीपर्यंत.

"तिथे असं मिळतं का गं?" आईने विचारलं.

"मिळत असेल."

"अख्खा मासा मी कधी खाल्ला नाही. आमच्याकडे भावंडं एवढी, तुकडाच यायचा वाट्याला. नाहीतर सुकट." तिने व्हिडिओ पुन्हा मागे नेला. "समुद्र समोर असेल ना? तिथेच बसून खातात?"

"हो. उघड्यावर. समोरच समुद्र."

"खिडक्या लावायला नको मग," ती म्हणाली आणि मशीन सुरू केलं.

आई आजवर कुठे फिरायला गेलेली नाही. बाबा एमआयडीसीतल्या शिफ्टमधून सुटले तर झोपतात, आणि विमानाला तर ते चक्क घाबरतात. म्हणाले, "तुम्ही दोघी जाऊन या. मला खाली जमीन लागते." म्हणजे ही आईची पहिली ट्रिप होती, आणि ती बाजारामागच्या गल्लीत पोळीभाजी खाणार होती.

मी शोधायला बसले. ऑफिसात रोज ट्रेनिंगचे रिपोर्ट वाचते तशी मी ऑनलाइन रिव्ह्यू वाचत गेले. बरेच लोक टॉवेल आणि वायफायबद्दलच लिहितात. शेवटी हॅवलॉक बेटावरचं एक घर सापडलं. चार खोल्या, पुढे ओटी, ओटीपुढे सुपारीची झाडं आणि मग लगेच वाळू. घरची बाई स्वतः रांधून वाढते. मी फोन केला. आधी इंग्रजीत बोलले, तिला ते फार जमेना. मग हिंदीत. तिची हिंदी बंगाली वळणाची होती.

"आप लोग मछली खाता है ना?" तिने विचारलं.

आयुष्यभर हा प्रश्न ज्या आवाजात ऐकला होता तो आवाज यात नव्हता. तिला फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं की आम्ही मासे खातो का.

"खाते हैं," मी म्हणाले.

"कौन सा? बोलेगा तो सुबह में नाव से ले लेगा। लाल वाला अच्छा मिलता है, बड़ा।"

मी फोनवर हात ठेवून आईला विचारलं. आई पिना तोंडात धरून ब्लाउजच्या बाहीला लावत होती. तिने एकेक पिन काढून उशीला टोचली आणि म्हणाली, "लाल म्हणजे तांबोशी असेल. तांबोशी सांग. मोठी. डोकं काढू नका म्हणावं." आणि मग, जणू आत्ताच ऐकू आल्यासारखं, "अगं ए, ठेव फोन! कुणाला सांगतेयस?"

मी दोन दिवसांसाठी खोली सांगून टाकली. बेत सोपा होता. ग्रुप हॅवलॉकला एका दिवसासाठी जाऊन बोटीने परत फिरणार होता. आम्ही दोघी मागे राहायचं, दोन दिवसांनी परत ग्रुपला मिळायचं.

"काकूंना काय सांगणार?" आईने विचारलं.

"खरं ते."

"त्यांची केवढी गैरसोय होईल. खोल्यांचं जुळवून ठेवलंय त्यांनी."

"दोन माणसं कमी झाली तर सोय होते, गैरसोय नाही होत."

"तुला काय जातंय गं," आई म्हणाली. तिचा आवाज चढत नाही, कोरडा होतो. "तू दोन वाक्यं इंग्लिशमध्ये बोलशील आणि सकाळी ठाण्याला निघून जाशील. मला दिवसभर इथे राहायचंय. पाण्याचा टँकर आला की मी त्यांच्याशी बोलते, वहीत त्यांची मापं आहेत. उद्या कुणी म्हणालं, राहू दे, दुसरीकडे टाकते ब्लाउज, तर मी काय म्हणू?"

हे ती बरोबर बोलत होती. मी तिच्यासाठी शूर व्हायला निघाले होते आणि किंमत तिला पडणार होती. मी आईला म्हणाले, त्या बाईला फोन करून खोली रद्द करते. आई बाही उसवत बसली. मग म्हणाली, "एवढ्यात नको करू."

त्या रविवारी आम्ही मोहन्याला मावशीकडे गेलो. शहाडहून शेअर रिक्षा करतो आम्ही. मावशीचं घर अजून चाळीतच आहे, दारावर पंचशीलाचा झेंडा, आणि खिडक्यांना पडदेसुद्धा नाहीत. आईचा आवाज तिथे गेल्यावर मोठा होतो. ती फतकल मारून बसते आणि काटे बोटांनी काढते. निघताना ती हात लिंबाने घासते, बडीशेप चावते, ओढणी बदलते. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की त्यात काही विचित्र आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं.

मावशीने ट्रिपसाठी एक पुडकं बांधून ठेवलं होतं. सुके बोंबील. आधी पेपर, मग दोन पिशव्या.

"मावशी, बेट आहे ते," मी म्हणाले. "चारी बाजूंनी समुद्र आहे."

"असू दे. समुद्र आहे म्हणून बोंबील असेलच असं नाय. आणि बोटी बंद झाल्या तर? काय खाणार, ते वरण?"

"तिथे तांबोशी सांगितलीय," आई पटकन म्हणाली. मी तिच्याकडे पाहिलं. रद्द करायचं होतं ना, असं मी तोंडाने विचारलं नाही.

"अगं बया, तांबोशी! मग तर न्याच. नुसता ओला मासा खाऊन कंटाळशील. तोंडी लावायला एखादा भाजायचा." मावशीने पुडकं आईच्या पिशवीत कोंबलं. आम्ही अंदमानला बोंबील घेऊन चाललो होतो आणि तिघींनाही त्यात काही चुकीचं वाटत नव्हतं.

बिल्डिंगच्या खाली पोचलो तेव्हा दुपार होती. लिफ्टमध्ये शिरलो आणि दार बंद होताना मालवणी काकू भाजीची पिशवी घेऊन आत आल्या. बंद लिफ्टमध्ये बोंबील दोन पिशव्यांना ऐकत नाहीत. मला तो वास आला. आईला आला, तिने पिशवी पोटाशी धरली. मालवणी काकूंनी वर लागणारे मजल्यांचे आकडे बघितले, एकदा आईच्या पिशवीकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "काय ऊन आहे हो बाहेर." तिसऱ्याला उतरून गेल्या.

अर्ध्या तासाने बिल्डिंगच्या ग्रुपवर काकूंचा मेसेज आला. लिफ्टमध्ये सुक्या मासळीचा असह्य वास येत आहे, ज्यांनी कोणी आणली असेल त्यांनी यापुढे कृपया जिना वापरावा. खाली हात जोडलेले. मग उत्तरं सुरू झाली. नाक धरलेले चेहरे. कुणी लिहिलं, हे आपल्या बिल्डिंगमध्ये चालणार नाही. कुणी लिहिलं, अलीकडे कुणालाही फ्लॅट विकतात.

आई तो शेवटचा मेसेज वाचत होती. दोनदा वाचला.

तेवढ्यात मालवणी काकूंचा मेसेज आला. 'माझीच पिशवी. बोंबील आहेत. कोणाला हवे असल्यास तिसरा मजला. जिन्याने यावे.'

लगेच सगळे हसायला लागले. तुम्हीच असणार, वाटलंच, काय हो तुम्ही. मिनिटभरात ग्रुप निवळला. पण काकूंच्या मेसेजात फक्त 'सुकी मासळी' होती. बोंबील आहेत हे मालवणी काकूंना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी ते नाकाने ओळखलं होतं आणि त्यांना पिशवी कुणाची हेही माहीत होतं.

आईने मोबाइल पालथा ठेवला. पुडकं उचललं, पिठाच्या रिकाम्या डब्यात घातलं आणि झाकण लावून वर मशीनचं जड कव्हर ठेवलं. जसं काही ते आतून उठून बसणार होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना मी तिसऱ्या मजल्यावर उतरले. कुणाच्या दारात न बोलावता जाणं माझ्याने होत नाही, पण मी बेल वाजवली. मालवणी काकूंनी दार उघडलं. हाताला पीठ होतं.

"काय गो?"

"थँक्यू," मी म्हणाले. एवढंच पाठ करून आले होते.

"कसलं थँक्यू?" त्यांनी मागे बघितलं आणि आवाज खाली आणला. "अगो, माझ्यावर काय, काहीही खपतं. मालवणी म्हटलं की हसतात आणि सोडून देतात. तुमचं तसं नाही, ठाऊक आहे मला. कधीपासून ठाऊक आहे. तुझ्या आईने वांग्याच्या भाजीत सुकट घातली होती एकदा, वरून उदबत्ती. तेव्हाच म्हटलं, बाई गो, किती हाल!"

त्या हसल्या नाहीत. पिठाचा हात दाराच्या चौकटीला लागू नये म्हणून वर धरून त्या म्हणाल्या, "पण दर वेळी मीच का गो? माझंसुद्धा नाव खराब होतं. मलाही कधीतरी वाटतं ना, आज दुसऱ्या कुणाचा तरी वास येऊ दे."

घरी येऊन मी हे आईला जसंच्या तसं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. ती पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या मुलीच्या लग्नातल्या ब्लाउजला लटकन लावत होती. दोरा दाताने तोडून ती म्हणाली, "मी काही बोलणार नाही. माझ्या तोंडून निघणार नाही, मला माहीत आहे. पण तू बोललीस तर मी तुला खोटं पाडणार नाही." पुढच्या शनिवारी दुसरी मीटिंग होती, आणि मी आठवडाभर मनातल्या मनात वाक्यं जुळवत राहिले. सगळी इंग्रजीत येत होती. सभ्य, गुळगुळीत, ऑफिसच्या मेलसारखी. त्यात मासा कुठे नव्हताच, नुसते प्रेफरन्सेस होते.

शनिवारी काकूंच्या हॉलमध्ये पुन्हा तीच अकरा जणी, तीच वही. या वेळी सगळं पक्कं करायचं होतं. काकूंनी खोल्या वाचायला सुरुवात केली. जोड्या लागत गेल्या. मग त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"आणि आमच्या बोंबीलवाल्या बाईंना कोपऱ्यातली खोली. लिफ्टपासून लांब हं!"

हशा झाला.

"आणि एकट्याच राहा हो तुम्ही. तुमच्याबरोबर राहायला कुणी तयार नाही. म्हणतात, कपड्यांना वास लागेल."

"बरं झालं," मालवणी काकू म्हणाल्या. "ऐसपैस झोपेन." आणि हसल्या. पण मी लोकांकडे बघत बसणारी मुलगी आहे, मला दिसतं. त्या या वेळी सगळ्यांच्या नंतर हसल्या. आणि हातातली रिकामी प्लास्टिकची पिशवी घडी करत राहिल्या, आणखी लहान, आणखी लहान, मूठभर होईपर्यंत.

"आणि या दोघी माझ्या शेजारी," काकू म्हणाल्या. पेन आमच्या नावांवर टेकलं. "यांचं बाई एक बरं आहे. कधी कसली कटकट नाही."

आईचा हात माझ्या गुडघ्यावर आला. तो हात मला ठाऊक आहे. लहानपणापासून पाहुण्यांत, बसमध्ये, शाळेच्या ऑफिसात, गप्प बस म्हणायचं असलं की तो गुडघ्यावर येतो. मी वाट बघितली. तो तिथे थोडा वेळ राहिला आणि मग तिने तो उचलला, आपल्या मांडीवर ठेवला आणि समोर भिंतीकडे बघत बसली.

इंग्रजी वाक्यं सगळी कुठेतरी निघून गेली. राहिलं ते मराठीच होतं, आणि तेही साधं, तिसरीतल्या मुलीला येईल तेवढं.

"काकू, लिफ्टमधला वास आमचा होता," मी म्हणाले.

काकूंचं पेन तसंच टेकलेलं. त्यांनी आधी आईकडे बघितलं, की ही काहीतरी हसून सावरेल. आई भिंतीकडे बघत होती, पण तिची मान खाली नव्हती.

"अगं, पण तुम्ही तर व्हेज ना?" काकू म्हणाल्या. रागाने नाही, खरोखर गोंधळून. "आणि बोंबील तर यांचे होते. मग तुम्ही... म्हणजे तुम्ही नक्की कोण?"

"आम्ही बौद्ध आहोत, काकू. आम्ही पहिल्यापासून मासे खातो. ते बोंबील आमचे होते, यांनी उगाच आपल्यावर घेतलं. तुमच्या वहीतलं आमच्यापुढचं व्हेज खोडा आणि आमची कसली सोय करू नका, आम्ही दोघी हॅवलॉकला समुद्रासमोर राहणार आहोत. तिथे एक बाई आईसाठी अख्खी तांबोशी करणार आहे, डोक्यासकट, आणि खोलीच्या सगळ्या खिडक्या आम्ही उघड्या ठेवणार आहोत."